रॉटरडॅमहून दिंडोरीकडे

फेब्रुवारीच्या शेवटी दिंडोरीकडच्या एका पॅकहाऊसच्या, म्हणजे निर्यातीची द्राक्षं साफ करून पेट्यांत भरतात त्या जागेच्या, ऑफिसात नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदरातून एक मेल येतो. दोन पानांचा तक्ता, सोबत पंधरा-वीस फोटो. निळा हातमोजा घातलेल्या कुणीतरी घड देठाला धरून उचललाय, खाली पांढऱ्या कागदावर सुटे मणी पडलेत. दुसऱ्या फोटोत मण्याच्या देठाकडच्या बाजूला फिकट पांढरी कडी. तिसऱ्यात हिरव्या मण्यांच्या आत सुतळीसारखा तपकिरी पडलेला देठ. तक्त्यात इंग्रजीत चार ओळी: शॅटर (मणीगळ) इतके टक्के, स्टेम ब्राऊनिंग (देठ तपकिरी पडणं) मध्यम, एसओटू डॅमेज (गंधकाच्या वायूची इजा) चौदा नंबरच्या पॅलेटवर, म्हणजे पेट्यांच्या थप्पीवर, वरच्या दोन थरांत.

तो घड कापला गेला त्याला महिना उलटलाय. त्या प्लॉटचा माल कधीच संपला. ज्या बाईने तो टेबलावर साफ केला, तिच्या हातून त्यानंतर हजारो घड गेलेत. पिकअपवाला आता दुसऱ्याच शिवारात आहे. आणि ऑफिसातला माणूस तो मेल वाचतो, सुस्कारा टाकतो आणि हिशेबाच्या माणसाकडे पुढे पाठवतो, कारण खरेदीदाराच्या भरपाईचा क्लेम किती बसणार हा प्रश्न तेवढा तातडीचा असतो.

निर्यातीच्या द्राक्षाच्या साखळीबद्दल जे काही बोलायचं ते खरं तर इथून सुरू व्हायला हवं. ही साखळी लांब आहे, नाजूक आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिचं खरं दुखणं वेगळं आहे. चूक एका ठिकाणी होते आणि दिसते साडेसहा हजार सागरी मैल लांब, महिन्याने. ज्याच्या हातून ती झाली त्याला ती कधीच कळत नाही. 'सतत सुधारणा', 'कायझेन' वगैरे शब्दांचे फलक भिंतीवर लागलेले असतात, पण ती तक्रार उलटी फिरून कात्री धरणाऱ्या हातापर्यंत पोचली नाही, तर सुधारणार काय आणि कोण?

2010 साली हे फार महागात समजलं. त्या हंगामात युरोपला गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वॅट क्लोराईडचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि कंटेनरच्या कंटेनर अडकले. क्लोरमेक्वॅट म्हणजे आपल्याकडे सगळे ज्याला सीसीसी म्हणतात ते. वेलीचा शेंडा थांबवायचा, ताकद काडीत वळवायची, घडनिर्मिती चांगली व्हावी यासाठी खरड छाटणीनंतरच्या दिवसांत ते मारायची रीत होती. खरड छाटणी एप्रिलमध्ये. फळछाटणी ऑक्टोबरच्या आसपास. माल फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे आदल्या उन्हाळ्यात मारलेली फवारणी पुढच्या वर्षी रॉटरडॅमच्या प्रयोगशाळेत दिसली. तसं पाहिलं तर व्यवस्था होती. अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेची ग्रेपनेट ही माग काढण्याची प्रणाली होती, पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या देखरेखीखाली अंशतपासणी होत होती, प्रत्येक निर्यातक्षम प्लॉटची नोंदणी होती. फक्त आपल्या तपासणीच्या यादीत हे नाव नव्हतं. आपण जे शोधत होतो ते सापडत नव्हतं आणि जे होतं ते आपण शोधत नव्हतो.

त्यानंतर यादी वाढली, सीसीसीही तिच्यात आलं. पण ती सुधारणा दणका बसल्यावरची होती. एवढा मोठा दणका रोज बसत नाही. रोज बसतात ते दोन टक्के, चार टक्के, एखाद्या पॅलेटचे धक्के, आणि त्यांच्याकडे पाहायची सवय लागणं हे जास्त कठीण काम आहे.

आता जरा जवळून पाहू. घड वेलीवरून तुटला की त्याला पाणी मिळणं बंद होतं आणि पाणी जाणं चालू राहतं. मण्याची साल जाड, तिच्यावर मेणाचा थर, ज्याला बागाईतदार लस्टर म्हणतात. म्हणून मणी तग धरतो. देठाला तसलं कवच नाही. घडाच्या वजनाच्या दोनेक टक्के पाणी गेलं की देठ तपकिरी दिसू लागतो, मणी अजून टणक असला तरी. युरोपातला खरेदीदार आधी देठ पाहतो. हिरवा देठ म्हणजे ताजा माल, इतकं सरळ गणित त्याचं. हे दोन टक्के कुठे जातात? काही जहाजावर. पण बरेच पहिल्या सहा-सात तासांत, आपल्याच शिवारात आणि आपल्याच आवारात, जेव्हा घड अजून गरम असतो.

काढणीची वेळ अरुंद असते. निफाड-दिंडोरीकडे जानेवारीत पहाटे पारा पार खाली जातो, घडांवर दव असतं. ओला घड काढायचा नाही, ओलाव्यावर बुरशी धरते. दव सुकेपर्यंत थांबायचं आणि ऊन तापायच्या आत संपवायचं. हातात उरतात तीन, फार तर चार तास. त्यातच मण्याला हात न लावता, घड मुख्य देठाला धरून, क्रेटमध्ये बबल शीट अंथरून एकाच थरात ठेवायचा. साधारण दहा किलोला क्रेट भरलं म्हणायचं. वर दुसरा थर दडपला की खालचा लस्टर पुसला जातो आणि मण्यांच्या देठाच्या सांध्यात ताण येतो. तो ताण दिसत नाही. महिन्याने मणीगळ होते तेव्हा दिसतो.

या सहा-सात तासांचा हिशेब करायला संगणक लागत नाही. एक चिठ्ठी पुरते. ती क्रेटांच्या पहिल्या थप्पीला अडकवायची आणि ज्याच्या हातात माल जाईल त्याने घड्याळ बघून वेळ टाकायची. समजा, एका दिवशीची चिठ्ठी अशी भरून आली: घड कापला 7:40. क्रेट पिकअपमध्ये चढलं 8:55. पिकअप निघाली 9:30. गेटवर 10:05. गेटमधून आत 10:50. टेबलावर 11:40. पेटी बांधून झाली 12:05. प्रीकूलिंगच्या, म्हणजे माल झपाट्याने गार करायच्या, खोलीत 13:30. पंखा सुरू 14:20.

एकूण सहा तास चाळीस मिनिटं. त्यात रस्ता पस्तीस मिनिटांचा आणि टेबलावरचं काम पंचवीस मिनिटांचं. उरलेले पाच तास चाळीस मिनिटं घड नुसता बसून होता. सुधारणेची गोष्ट निघाली की पहिली सूचना येते ती मोठी गाडी घ्या, रस्ता करा, बायकांचा वेग वाढवा. चिठ्ठी सांगते, या तिन्ही गोष्टी मिळून एक तासाच्या आतल्या आहेत. खरा वेळ थांबण्यात जातोय आणि प्रत्येक थांब्यामागे कुणाचा तरी शहाणपणाचा हिशेब आहे.

माल चढल्यावरही पिकअप पस्तीस मिनिटं बांधावर का उभी? ती पूर्ण भरल्याशिवाय हलत नाही. का? वाहतूकवाल्याला किलोमागे पैसे आहेत आणि वाहतूक बघणाऱ्याचं कौतुक किलोमागच्या खर्चावर होतं. गेटवर पंचेचाळीस मिनिटं का? वजनकाटा एकच, आणि सगळ्या गाड्या दहा ते अकराच्या दरम्यान येतात, कारण सगळीकडे काढणी साधारण एकाच वेळी सुरू होते. पेटी बांधल्यावर पंखा लागायला सव्वादोन तास का? एका खोलीत ठरावीक पॅलेट लागतात आणि खोली भरल्याशिवाय पंखा लावायचा नाही असा विजेच्या बिलाला धरून केलेला नियम आहे. वाहतूकवाला, काट्यावरचा, खोलीवरचा, कुणीही चुकीचं वागत नाहीये. प्रत्येक जण आपापला आकडा सांभाळतोय आणि देठ वाळतोय.

नेतृत्व म्हणून ज्या गोष्टीबद्दल भाषणं होतात, तिची खरी कसोटी मला इथे दिसते. अर्धी भरलेली पिकअप निघू दे, किलोमागे चार पैसे जास्त लागले तर ते वाहतूक बघणाऱ्याच्या नावावर मांडायचे नाहीत, हे कोण म्हणणार? ज्याच्या हाती दोन्ही आकडे आहेत त्यालाच ते म्हणता येतं. खालच्या माणसाला कितीही प्रशिक्षण द्या, तो स्वतःचा आकडा मोडून दुसऱ्याचा वाचवणार नाही आणि त्याने तसं करावं ही अपेक्षाही बरोबर नाही.

प्रीकूलिंगचं गणित तर प्रत्येक पॅकहाऊसच्या भिंतीवर लिहून ठेवायला हवं. खोलीतल्या हवेचं आणि घडाच्या गराचं तापमान यातलं अंतर निम्मं व्हायला जो वेळ लागतो, तो एकदा मोजला की पुढचं सगळं कळतं. हवा शून्य अंशाला, गर चोवीसला. दोन तासांत गर बारावर आला असेल, तर आणखी दोन तासांत सहावर, आणखी दोन तासांत तीनवर. पहिले बारा अंश दोन तासांत उतरतात, शेवटचे तीन उतरायलाही तेवढेच दोन तास लागतात. म्हणून 'जवळजवळ गार झालंय' या वाक्यावर विश्वास ठेवायचा नाही. मधल्या पेटीतल्या मधल्या मण्यात सुई घालून गराचं तापमान बघायचं. खोलीच्या दारावरचा आकडा हवेचा असतो, गराचा नाही. आणि चार तास झालेल्या खोलीत गरम पॅलेट ढकलला की आतला माल पुन्हा तापतो, वर गार पेटीवर दव धरतं.

इथेच एक साधी गोष्ट अडते. समजा, सगळ्या खोल्या मिळून एका वेळी वीस टन माल मावतो आणि भरणं, गार करणं, रिकामं करणं धरून एका फेरीला बारा तास लागतात. दिवसात दोन फेऱ्या, चाळीस टन. टेबलं वाढवा, बायका वाढवा, गाड्या वाढवा, चाळीसाच्या वर एक किलोही नीट गार होणार नाही. तरी हवामान खात्याने अवकाळीचा इशारा दिला की त्या दिवशी पंचावन्न टन काढले जातात. प्रत्येक बागाईतदाराला वाटतं, पाऊस पडला तर मणी तडकतील, आज काढून टाकू. त्याचं बरोबरच आहे. पण जास्तीचे पंधरा टन झाडावरच्या धोक्यातून उचलून आपण पत्र्याखालच्या धोक्यात ठेवतो. महिन्याने येणाऱ्या मेलमधला तपकिरी देठ बहुतेक वेळा या पंधरा टनांतला असतो.

टोयोटाच्या कारखान्यात कानबान नावाची चिठ्ठी असते. पुढच्या टप्प्याने चिठ्ठी पाठवली की मागच्याने तेवढंच बनवायचं, एक नग जास्त नाही. टोयोटाचे अभियंता ताइची ओनो यांनी अमेरिकेतल्या सुपरमार्केटांच्या फळ्यांवरून या कल्पनेला आकार दिला, म्हणजे खाद्यपदार्थांच्या दुकानातून ती मोटारींत गेली. द्राक्षाच्या साखळीत अशी चिठ्ठी आधीपासून आहे, फक्त कुणी तिच्याकडे चिठ्ठी म्हणून बघत नाही. ती म्हणजे रिकामं क्रेट. निर्यातीचा माल क्रेटशिवाय निघत नाही आणि क्रेट पॅकहाऊसकडून जातं. दहा किलोचं एक क्रेट, तर चाळीस टनांना चार हजार क्रेटं. आदल्या संध्याकाळी चारच हजार क्रेटं वाटली, तर दुसऱ्या दिवशी पंचावन्न टन निघणारच नाहीत. रात्री आठ वाजता कुठल्या प्लॉटला किती रिकामी क्रेटं पाठवायची, हा निर्णय त्या दिवसाचा सगळ्यात मोठा निर्णय आहे. आणि बहुतेक ठिकाणी तो कोण घेतं? गोदामावरचा पोरगा. ज्याचा फोन आधी आला, किंवा जो जास्त ओरडला, त्याला जास्त क्रेटं.

हे काम पुढारपण करणाऱ्याने स्वतःकडे घ्यावं. त्याला शिव्या खाव्या लागतील. 'माझ्या मालाला पाऊस लागला तर भरून देणार का?' या प्रश्नाला उत्तर तयार ठेवावं लागेल. उत्तर एकच असू शकतं: क्रेटांचा क्रम आधीच ठरलेला आहे, साखर कितीवर आलीय, तपासणीचा अहवाल कधी आला, शेवटच्या फवारणीपासूनचे दिवस पुरे झालेत का, या तीन रकान्यांवरून, आणि तो फलकावर सगळ्यांना दिसतोय. फलक नसेल तर तीच क्रेटं वशिल्याची वाटतात.

टेबलावरचं काम वरवर सोपं दिसतं. घड डाव्या हातात, बारीक टोकाची कात्री उजव्या हातात, तडकलेले, डागाळलेले, बारीक राहिलेले, थंडीने गुलाबी पडलेले मणी काढायचे. पनेटमध्ये, म्हणजे प्लॅस्टिकच्या छोट्या डब्यात, घड बसवायचा. वजन बघायचं. लेबलवर पाचशे ग्रॅम, पण भरताना जास्त भरायचं, कारण वाटेत पाणी जाणार. जास्त म्हणजे किती, यावर पॅकहाऊसचा नफा हलतो. पनेटमागे वीस ग्रॅम जास्त गेले, तर तेरा टनांच्या कंटेनरमध्ये सव्वीस हजार पनेट, म्हणजे पाचशे वीस किलो द्राक्षं फुकट गेली. सांगायला सोपं आहे की दहाच ग्रॅम भरा. पण वाटेत साडेतीन टक्के वजन जात असेल, तर दहा ग्रॅमवर पनेट कमी भरेल आणि सगळा लॉट नाकारला जाईल. वजनातली घट दोन टक्क्यांच्या आत थांबवता आली, तरच दहा ग्रॅम पुरतात. म्हणजे टेबलावरचा जास्तीचा भराव कमी करायची किल्ली टेबलावर नाही, बांधावरच्या पिकअपमध्ये आणि प्रीकूलिंगच्या पंख्यात आहे. हा धागा ज्याला दिसत नाही तो बायकांना वजनावरून बोलत राहतो.

बोलण्यावरून आठवलं. पेटीमागे मजुरी असली की कात्री वेगाने चालते. वेगाने चालली की शेजारच्या चांगल्या मण्याला टोक लागतं. ती बारीक जखम टेबलावर दिसत नाही. पेटीतल्या पॅडमधून गंधकाचा वायू निघतो तेव्हा तो पहिला त्या जखमेत शिरतो आणि मणी तिथून पांढरा पडतो. मग अहवालात 'एसओटू डॅमेज' लिहून येतं आणि इकडे पॅड बदलायची चर्चा सुरू होते.

चौदा नंबरच्या पॅलेटचा माग कसा काढायचा, ते पाहण्यासारखं आहे. पॅड म्हणजे कागदाच्या थरांत भरलेलं सोडियम मेटाबायसल्फाईट. ओलावा लागला की त्यातून सल्फर डायऑक्साईड सुटतो, करडी बुरशी दाबतो. दोन टप्प्यांचं पॅड असतं, पहिला झपाट्याने, पहिल्या एक-दोन दिवसांत, दुसरा सावकाश, काही आठवडे. पॅड प्रीकूलिंगनंतर घालायचं, कारण गरम घडावर घातलं की पाणी सुटतं आणि सगळा वायू एकदम बाहेर येतो. आता विचारायला लागा. चौदा नंबरवरचे मणी पांढरे का? वायू जास्त झाला. का? पेटीत पाणी होतं. का? गार पेटीवर दव धरलं. का? पॅड घालताना पेट्या बाहेरच्या हॉलमध्ये आणल्या होत्या, आणि पॅलेटच्या वरच्या दोन थरांना सगळ्यात जास्त उघडी हवा लागली. बाहेर का आणल्या? पॅड थंड खोलीतच घालायचं असा नियम लिहिलेला आहे. पण दोन-तीन अंशांच्या खोलीत बायका पातळ साडीवर एप्रन चढवून उभ्या राहतात. खोलीत जाकिटं चार. बायका अकरा. मुकादमाने माणुसकीने पेट्या बाहेर काढू दिल्या.

म्हणजे उपाय सात जाकिटं, लोकरी हातमोजे आणि वीस मिनिटांनी पाळी बदलणं. पॅडचा पुरवठादार बदलून काहीही झालं नसतं. चौथ्या 'का'वर थांबलो असतो तर मुकादमाला दंड झाला असता, आणि पुढच्या वेळी पेट्या बाहेर आणल्याचं कुणी कबूल केलं नसतं. असा माग काढताना सूर फार महत्त्वाचा. 'ताई, पेट्या बाहेर कुणी आणल्या?' असं विचारलं की टेबलाभोवती शांतता पसरते. 'ताई, आत काम करताना काय अडतं?' असं विचारलं की थंडीने बोटं कशी आखडतात ते लगेच कळतं. पेठ-सुरगाण्याकडून हंगामापुरत्या आलेल्या बायांना आपल्याला उद्या कामावर घेतील की नाही ही धास्ती असते. चूक सांगितली तर मजुरी कापली जाते हे एकदा दिसलं, की त्या साखळीतली माहिती तिथे संपली.

आणि हा माग निघण्यासाठी पेटीवर टेबलाचा नंबर असावा लागतो. नोंदणीकृत प्लॉट, पॅकहाऊस, तारीख हे लेबलवर असतंच, तेवढं कायद्याला आणि खरेदीदाराला पुरतं. सुधारणेला पुरत नाही. टेबलाचा नंबर आणि खोलीची फेरी, असे दोन रबरी शिक्के लागतात. शिक्के मारायचे ते शाबासकी-दंडासाठी नाही हे पहिल्याच दिवशी सांगावं आणि नंतर हंगामभर पाळावं. पाळणं अवघड जातं, विशेषतः मोठा क्लेम बसलेल्या आठवड्यात.

कंटेनर भरतानाचा प्रसंग बहुधा रात्री येतो. रिफर कंटेनर माल गार ठेवतो, गरम माल गार करत नाही, त्याच्या यंत्राची तेवढी ताकदच नसते. थंड हवा खालच्या खाचांच्या जमिनीतून येते आणि पेट्यांच्या भोकांतून वर जाते. म्हणून पॅलेटवरच्या पेट्यांची भोकं एका रेषेत हवीत, जमीन झाकली गेलेली हवी, कंटेनरच्या भिंतीवरच्या लाल रेषेच्या वर माल नको. हे सगळं ठीक आहे. पण गर एक अंशाच्या आत हवा असा नियम असताना सुई तीन दाखवतेय, न्हावाशेव्याला गेट बंद व्हायला दहा तास आहेत, कसारा घाटात गर्दी असल्याचं ड्रायव्हर सांगतोय, मालक झोपलेत. सुपरवायझरने काय करायचं? त्याला फोन करावा लागत असेल, तर नियम अर्धाच आहे. मालक अर्धवट झोपेत 'जाऊ दे, जहाज चुकेल' म्हणणार. 'एक अंशाच्या वर दार लावायचं नाही, जहाज चुकलं तर चुकलं, त्याचा जाब तुला विचारला जाणार नाही' हे डिसेंबरमध्ये, डोकं थंड असताना लिहून, सही करून दारावर चिकटवलेलं हवं. आणि पहिल्यांदा जहाज चुकेल त्या सकाळी मालकाने खरंच जाब विचारायला नको.

2023च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि 2024च्या हंगामात द्राक्षं आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून गेली. साडेसहा हजारांऐवजी साडेदहा हजार सागरी मैलांहून जास्त. दीड-दोन आठवडे वाढले. जो माल पंचवीस दिवसांना कसाबसा पुरत होता, तो पस्तीसाव्या-चाळिसाव्या दिवशी उघडा पडला. जास्तीच्या दिवसांनी नव्या चुका तयार केल्या नाहीत, जुन्याच दाखवल्या. तीन अंशांवर लावलेलं दार पूर्वी खपून जात होतं.

या लांबीचा आणखी एक परिणाम आहे, ज्याकडे लक्ष जात नाही. जानेवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंत हंगाम शंभरेक दिवसांचा. घड कापल्यापासून तिकडचा अहवाल हाती येईपर्यंत सुएझमार्गे तेहतीस-पस्तीस दिवस. म्हणजे काहीतरी बदलून बघायचं, निकाल पाहायचा, पुन्हा बदलायचं, अशा पूर्ण फेऱ्या वर्षात तीन. केपमार्गे दोनच. मोटारीच्या कारखान्यात ही फेरी दिवसात होते. वर्षाला दोन-तीन फेऱ्यांनी सुधारणा करायची म्हटली, तर माणूस म्हातारा होईल.

यावर उपाय साक्षी पेटीचा. प्रत्येक लॉटमधल्या तीन पेट्या जहाजावर न पाठवता आपल्याच थंड खोलीत, शून्य अंशाला ठेवायच्या. तोच प्लॉट, तेच टेबल, तेच पॅड. दहाव्या दिवशी एक उघडायची, विसाव्या दिवशी दुसरी, जहाज पोचायच्या सुमारास तिसरी. घड देठाला धरून ठरावीक वेळा हलवायचा, पडलेले मणी मोजायचे, देठाचा रंग रंगपट्टीशी ताडायचा, पांढरे मणी वेगळे काढायचे. मग दोन दिवस बाहेर, साध्या तापमानाला ठेवून पुन्हा बघायचं, कारण दुकानातल्या फळीवर त्याचं तेच होणार असतं. दहाव्या दिवशी देठ पिवळट दिसला, तर तिकडच्या अहवालाची वाट पाहायला नको. तोच प्लॉट अजून चालू असतो, त्याच बाया अजून त्याच टेबलाशी असतात, पिकअपवाला अजून त्याच बांधावर येतो. एका फेरीला दहा दिवस धरले तर हंगामात दहा फेऱ्या.

खर्च? लॉटमागे पंधरा किलो द्राक्षं आणि एका माणसाचे दिवसाला दीड तास. हे करायला नको म्हणणारे बहुतेक वेळा पंधरा किलोंचा हिशेब मांडतात, पाचशे वीस किलोंचा नाही.

पेटी उघडायची ती ऑफिसात बंद दाराआड नको. सकाळी काम सुरू व्हायच्या आधी, टेबलांच्या मध्ये, उभ्याउभ्या, दहा मिनिटं. आणि मराठीत. शॅटर म्हणायचं नाही, मणीगळ म्हणायचं. रॉटरडॅमचा अहवाल आला असेल तर त्याचे फोटो मोठे छापून फलकावर, खाली दोन ओळी मराठीत. ज्या बाईने आयुष्यात समुद्र पाहिला नाही, तिला निळ्या हातमोज्यातला आपल्याच टेबलाच्या शिक्क्याचा घड दिसला की ती वाकून बघते. कात्रीचं टोक कुठे लागलं हे ती ऑफिसातल्या कुणाहीपेक्षा आधी ओळखते.

एक अडचण मात्र सुटलेली नाही. शेवटचे कंटेनर एप्रिलच्या मध्याला निघतात, त्यांचे अहवाल मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतात. तोवर खरड छाटणी उरकलेली असते, पॅकहाऊसची टेबलं ताडपत्रीखाली गेलेली असतात, बाया सुरगाण्याला आपल्या शेतावर परतलेल्या असतात. हंगामातला सगळ्यात गरम, सगळ्यात घाईचा माल त्या शेवटच्या पंधरा दिवसांतला, आणि त्याच्याच तक्रारी ऐकायला कुणी नसतं. फोटो कुठल्या तरी फोल्डरमध्ये पडून राहतात. ते तेव्हाच छापून, टेबलाच्या नंबरप्रमाणे पाकिटात घालून, रिकाम्या क्रेटांच्या पहिल्या थप्पीत वरच्या क्रेटमध्ये ठेवावेत. जानेवारीत ती थप्पी काढावीच लागते.